देवीच्या हातातलं महाळुंग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कोल्हापूरच्या अंबाबाईचं दर्शन आपण सगळेच घेतो. रांगेतून पुढं सरकताना नजर जाते ती देवीच्या मुखाकडं, मळवटाकडं, अंगावरच्या दागिन्यांकडं. हातांकडं बघायला सवड कुणाला असते? शिवाय साडी नेसवलेली असली की हात नीट दिसतही नाहीत. पण मूळ पाषाणमूर्तीचं छायाचित्र कधी पाहिलंत, तर चारी हात स्पष्ट दिसतील. वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल, खालच्या डाव्या हातात पानपात्र. आणि खालच्या उजव्या हातात एक फळ.

लहानपणी आमच्या घरी देवीची एक जुनी तसबीर होती. तिच्यातलं ते फळ मला नारळ वाटायचं. आज्जीला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "नारळ न्हवं गं ते. म्हाळुंग हाय. आपल्या बांधावर न्हाई का?"

आमचं गाव गडमुडशिंगी. कोल्हापूरच्या पूर्वेला, गांधीनगरला लागून. विहिरीजवळच्या बांधावर आमचं एक काटेरी, वेडंवाकडं झाड होतं. त्याला पपईएवढी, खडबडीत सालीची, पिवळी फळं धरायची. ज्या फळाची जागा देवीच्या हातात, ते आमच्या बांधावर लोंबतंय, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आज्जीलाही नसावं. तिच्या लेखी ते एक आंबट फळ होतं आणि त्याचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं.

पुढं मी इतिहास शिकवू लागले. शिलालेख वाचले, ताम्रपट वाचले. कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या बिरुदावलीत 'महालक्ष्मीच्या वरप्रसादानं लाभलेले' असं अभिमानानं लिहवून घेत, हे वर्गात कितीदा सांगितलं असेल. देवीमाहात्म्याला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं वर्णन येतं. त्यात मातुलुंग, गदा, खेटक आणि पानपात्र ही आयुधं याच क्रमानं सांगितली आहेत, हेही सांगितलं. मातुलुंग म्हणजे महाळुंग. पण एका मुलीनं मला विचारलं, "बाई, ते खातात कसं?" तेव्हा मी गप्प झाले. आज्जी जाऊन बरीच वर्षं झाली होती. झाडही गेलं होतं. ऊस वाढला, बांध अरुंद झाले, आणि बांधावरच्या काटेरी झाडाला कोण जपतो?

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे सापडलं, ते आज सांगायचं आहे.

आधी या फळाची ओळख करून घेऊ. आपण बाजारातून जे कागदी लिंबू आणतो, ते सालीनं कागदासारखं पातळ आणि आत रसानं भरलेलं. महाळुंगाचं नेमकं उलटं. साल जाड, तिच्या आत बोटभर जाडीचा पांढरा गर, आणि अगदी मधोमध थोड्याशा फोडी. रस नावाला. पिळायला गेलात तर फसगत ठरलेली. म्हणूनच आजच्या स्वयंपाकघरात त्याला जागा उरली नाही. आपलं सगळं आंबट काम 'पिळा आणि टाका' या एका कृतीवर येऊन ठेपलं आहे.

पण कुळाचा विचार केला तर महाळुंग हे लिंबाचं बापजादं आहे. २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात या फळांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी झाला असावा, असं त्यात दाखवलं आहे. महाळुंग, पपनस आणि मूळचं संत्रं ही त्यातली मुख्य मूळ फळं. बाकीची बरीचशी त्यांच्या आपसातल्या संकरातून आलेली. आपल्या कागदी लिंबाच्या पितृत्वाचा मान जातो महाळुंगाकडं. तेव्हा देवीनं हातात धरलं आहे ते लिंबाचं फळ नव्हे, लिंबाचा बाप आहे.

आणि अंबाबाई एकटी नाही. घारापुरीच्या लेण्यातल्या त्या भव्य त्रिमुखी शिवाच्या हातातही महाळुंग आहे. लकुलीशाच्या हातात ते असतं, कुबेराच्या हातात असतं. आत भरपूर बिया, म्हणून त्याचं दुसरं नाव बीजपूर. सृष्टीची सगळी बीजं पोटात घेतलेलं फळ, असा त्याचा अर्थ लावतात. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक इथंच थांबतात. मीही बरीच वर्षं इथंच थांबले होते.

स्वयंपाकघराकडं जाणारी वाट मला दाखवली ती वैद्यकाच्या ग्रंथांनी. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत फळांचे गुण सांगितले आहेत. तिथं मातुलुंगाचा गुण एकच असा सांगितलेला नाही. सुश्रुतानं त्या फळाचे सरळ भाग पाडले आहेत. साल कडू आणि पचायला जड. आतलं 'मांस', म्हणजे पांढरा गर, गोडसर, थंड आणि जड. मधला केसर, म्हणजे रसाच्या कळ्या, हलका आणि भूक वाढवणारा. एकाच फळाच्या तीन थरांचे तीन स्वभाव! चरकही केसराला हलकं म्हणतो आणि बाकीच्या भागांना जड.

हे वाचलं आणि आज्जीची विळी डोळ्यांसमोर आली.

आज्जी महाळुंग कधीच आडवं चिरत नसे. उभ्या चार फोडी करायची. मग वरची पिवळी साल पातळ काढून ताटलीत एका बाजूला. मधले केसर बोटांनी सोडवून वाटीत. राहिलेला पांढरा गर पाटीत. बिया वेचून वेगळ्या. एका फळातून चार ढीग व्हायचे. केसराला मीठ आणि किसलेला गूळ लावून लगेच कोशिंबीर. घरात कुणी पोटुशी असली आणि तिला अन्न नकोसं झालं असलं, तर ती वाटी तिच्याकडं जायची. आम्हा पोरांना मागून मिळायची नाही. गर जरा शिजवून साखरेत. आणि साल मीठ लावून उन्हात. आज्जीला अक्षरओळख नव्हती. सुश्रुत कोण हे तिला माहीत असण्याचं कारण नाही. पण तिची विळी त्याच रेषांवरून चालत होती. ग्रंथातून ज्ञान घरात आलं की घरातून ग्रंथात गेलं, या वादात मी पडणार नाही. माझा कल मात्र दुसऱ्या बाजूला आहे. फळ आधी कुणीतरी कापलं असेल, मगच त्याच्यावर श्लोक झाला असेल.

इथं एक गंमत लक्षात घ्या. महाळुंगाचा पांढरा गर नुसता खाल्ला तरी चालतो, तो फारसा कडू नसतो. लिंबाचा मात्र कडू. म्हणजे एका फळाचं शहाणपण दुसऱ्याला जसंच्या तसं लावता येत नाही. लिंबाच्या बियांत आणि पांढऱ्या अस्तरात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य असतं. त्याची खोड अशी की अखंड फळात ते कडू नसलेल्या रूपात दडून राहतं. फळ कापलं, चेपलं, पेशी फुटल्या, आंबट रसाशी त्याची गाठ पडली, की हळूहळू कडवटपणा उतरू लागतो. तापवलं तर आणखी लवकर. म्हणून ताजं सरबत गोड लागतं आणि दोन-तीन तासांनी तेच कडवट वाटतं. 'लिंबू चुलीवर पिळू नये, भांडं खाली उतरवून पिळावं', 'बी चिरडू नये', 'शेवटच्या थेंबासाठी साल मुरगाळू नये' हे सगळे सासवांचे नियम सुनांना छळण्यासाठी नव्हते. आज्जी म्हणायची, "लिंबू कडू न्हाई बाई, पिळणाराचा हात कडू."

तसंच भांड्यांचं. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात लिंबाचं काही ठेवलं की ते कळकणार. म्हणून लोणच्याला चिनी मातीची बरणी, कोशिंबिरीला दगडी किंवा लाकडी भांडं. आणि रस काढून उरलेली लिंबाची साल? ती मात्र मुद्दाम पितळेवरच. घासायला.

पुन्हा इतिहासाकडं येते. आपल्या भागाच्या जवळचा, खाण्यापिण्याचं सविस्तर वर्णन करणारा मोठा ग्रंथ म्हणजे 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर तो आहे आणि त्याचा काळ ११२९च्या सुमाराचा. सोमेश्वराचे वडील सहावे विक्रमादित्य यांची राणी चंद्रलेखा ही कऱ्हाडच्या शिलाहारांची कन्या. त्यामुळे कल्याणीच्या मुदपाकखान्याला आपण अगदीच परकं मानायला नको. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात अन्नभोगाचा स्वतंत्र भाग आहे. त्यात मांसाचे प्रकार आहेत, आंबट रस लावून मांस सिद्ध करणं आहे, फळांची पानकं आहेत. आज आपण तांबड्या रश्शावर लिंबाची फोड पिळतो, तिचं गोत्र असं मागं जातं. फरक एवढाच, की तेव्हा आंबट रस हा पाककृतीचा भाग होता. आज ती ताटाच्या कडेची फोड आहे, घ्यायची तर घ्या.

बाबरालाही या फळानं थांबवलं होतं. हिंदुस्थानात आल्यावर त्यानं आपल्या आत्मचरित्रात इथल्या फळांची तपशीलवार नोंद केली. काही फळांना नाकं मुरडली. पण महाळुंगाचे, त्याच्या भाषेत तुरुंजचे, त्यानं दोन प्रकार सांगितले. एक मिळमिळीत गोड, जो खाण्याच्या उपयोगाचा नाही, पण साल मुरंब्याला बरी. दुसरा हिंदुस्थानातला, छान आंबट, ज्याचं सरबत उत्तम होतं. म्हणजे तोही फळाकडं पाहताना आधी 'याचं करायचं काय' असंच विचारतो आहे. राज्य जिंकायला आलेला माणूस मुरंब्याचा विचार करतो, हे मला फार आवडतं.

त्याच्या शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. फारसी तुरुंज अरबीतून पोर्तुगिजांकडं गेला, त्याचा तोरांज झाला, आणि गोव्यात पपनसाला तोरंजन म्हणतात. महाळुंगाचं नाव पपनसाला चिकटलं! खुद्द महाळुंगाला तिथं म्हावळिंग म्हणतात आणि गणपतीच्या माटोळीला ते पपनसाशेजारी बांधतात. तसा आपला 'नारंग' अरबस्तानातून स्पेनला गेला नारांजा होऊन, आणि इंग्रजीत पोचेपर्यंत पुढचा 'न' गळून त्याचं ऑरेंज झालं. कोकणातल्या बेने इस्रायली समाजाची मायबोली मराठी, आणि त्यांच्या धर्मातल्या सुक्कोथच्या सणाला जे एत्रोग फळ हाती धरतात ते महाळुंगच. म्हणजे मराठी बोलणाऱ्या दोन वेगळ्या धर्मांत हेच फळ पवित्र आहे. इसवी सनापूर्वी तीनशेच्या आसपास ग्रीक पंडित थिओफ्रास्टसनं लिहिलं की हे फळ खात नाहीत, पण कपड्यांत ठेवलं तर कसर लागत नाही आणि आतला भाग उकळून घेतला तर तोंडाला सुवास येतो. बिचाऱ्या ग्रीकांना गूळ ठाऊक नव्हता!

गुळाचा विषय निघाला, तर कोल्हापूरकरांनी इथं थोडं थांबायला हवं.

लोणचं हा शब्द लवणावरून आला. मुरांबा हा अरबी मुरब्ब्यावरून. मीठ एका वाटेनं आलं, साखर दुसऱ्या वाटेनं. आमच्या भागात या दोन वाटा एका बरणीत मिळतात आणि तयार होतं गुळातलं लिंबू. त्याचं वेळापत्रक निसर्गानंच आखलेलं आहे. मृग बहाराची लिंबं हिवाळ्यात उतरतात, आणि त्याच दिवसांत गुऱ्हाळं पेटलेली असतात. लिंबू स्वस्त, गूळ ताजा, ऊन कोरडं. पौषात आमच्या घरी शंभरभर लिंबं धुवून, फडक्यानं एकेक पुसून, पाण्याचा टिपूस राहू न देता चिरली जायची. आधी नुसतं मीठ. बरणीच्या तोंडाला दादरा बांधून आठ-दहा दिवस ऊन दाखवायचं. मीठ सालीतलं पाणी ओढून घेतं, साल मऊ पडते, रस आणि मीठ मिळून असं काही खारट-आंबट पाणी होतं की त्यात बुरशीला थारा नाही. साल मऊ झाल्याशिवाय गूळ घालायचा नाही, हा आज्जीचा कडक नियम. तिखट, हिंग, मेथी ही मंडळी त्यानंतरची. ते लोणचं वर्षानं तपकिरी व्हायचं, दोन वर्षांनी काळपट. तापातून उठलेल्या माणसाला मऊ भाताबरोबर द्यायचं ते हे काळं लोणचं. नवं नाही.

त्या बरण्यांची आणखी एक आठवण आज्जी सांगायची. १९४३ ते १९४८ या काळात आमच्या शेजारी वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. युद्धानं देशोधडीला लागलेली पाचेक हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. त्या बायका लिंबं विकत घेत आणि चहात दूध न घालता लिंबू पिळत. आज्जीला शेवटपर्यंत त्याचं नवल वाटे. "च्यात लिंबू! नासंल न्हाई तर काय?" पण दूधच नाही तर नासणार काय, हे तिच्या ध्यानात यायला एक दिवस गेला म्हणे.

पुढं पुस्तकं आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१०चं. आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं, ज्यानं घरोघरी वाटी-चमच्याचं माप नेलं. माझ्या पिढीच्या मुली त्या मापावरच उभ्या राहिल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण माप लिंबाला लावता येतं, कारण लिंबू सगळीकडं साधारण सारखं मिळतं. बांधावरच्या महाळुंगाला माप कसं लावणार? एक फळ पावशेराचं, दुसरं शेराचं. एकाचा गर दोन बोटं, दुसऱ्याचा एक. ते हातानं शिकायचं काम होतं, आणि हात बदलले. आज चाकणजवळच्या महाळुंग्यात किंवा पुण्याच्या बालेवाडीशेजारच्या म्हाळुंग्यात जाऊन विचारा, गावाच्या नावात ऐकू येणारं हे फळ किती जणांनी पाहिलं आहे.

काही वैद्य अजून महाळुंगाचा अवलेह देतात, पित्ताला आणि ओकारीला. त्यांच्यामुळं नाव तरी टिकलं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या हिवाळ्यात तळकोकणातल्या एका नातेवाइकांनी मला तीन महाळुंगं पाठवली. पहिलं फळ मी वाया घालवलं. घाईनं सालीसकट फोडी केल्या आणि सरळ साखरेच्या घट्ट पाकात टाकल्या. तासाभरात फोडी आक्रसल्या, चामड्यासारख्या वातड झाल्या, आणि पाकाला कडू वास आला. इतिहासाच्या बाईंची परीक्षा पहिल्याच पेपरात नापास!

मग मी वाचलं की इटलीत कॅलाब्रियाला आणि कोर्सिका बेटावर याच फळाच्या सालीची मिठाई करतात. तिथं अर्ध्या केलेल्या फोडी आधी कित्येक आठवडे मिठाच्या पाण्यात ठेवतात. मग मीठ धुऊन काढतात, उकळतात, आणि साखरेचा पाक दिवसादिवसानं वाढवत नेतात, म्हणजे फोडीतलं पाणी बाहेर जाताना साखर सावकाश आत शिरते. आधी मीठ, मग गोड. आज्जीचा कडक नियम तोच होता की! तो मी लिंबाच्या बरणीत पाहिला होता आणि महाळुंगाच्या वेळी विसरले.

दुसरं फळ आज्जीच्या विळीनं कापलं. चार ढीग केले. केसराची कोशिंबीर तिथंच संपली, शेजारची नात वाटी चाटून गेली. गर साध्या पाण्यात मऊ शिजवला, पहिल्या दिवशी पातळ पाकात, दुसऱ्या दिवशी पाक थोडा आटवून, पाचव्या दिवशी एकतारीत. फोड काचेसारखी पारदर्शक झाली. तिसऱ्या फळाची साल मीठ लावून बरणीत भरली आणि गच्चीवर उन्हात ठेवली. बिया कुंडीत लावल्या आहेत, त्यातल्या दोन उगवल्या.

सालीच्या बरणीला आता दीड महिना झाला. काल एक तुकडा चाखून पाहिला. साल मऊ पडली आहे, वास सुरेख आहे, कडवटपणा अजून थोडा बाकी आहे. गूळ आणून ठेवला आहे. घातलेला नाही.